आडदिवसाची संध्याकाळ : महामारीत थीम पार्कं मंगळवारी ओस का पडली?

नेहमीप्रमाणे हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती तेवढी काढलीय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न जरा विचित्र वाटेल. २०२० च्या ऑक्टोबरातला एखादा मंगळवार डोळ्यांसमोर आणा. ठिकाण अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातलं ऑरलँडो. तिथलं मॅजिक किंगडम, म्हणजे डिस्नेचं सगळ्यात गर्दीचं पार्क, जवळजवळ चार महिने बंद राहून ११ जुलैला उघडलेलं आहे. किल्ल्याला नवा गुलाबी रंग दिलाय, राइड्स फिरतायत, मास्क लावलेले कर्मचारी जागोजागी उभे आहेत. पण ज्या राइडसाठी एरवी तास-दीड तास रांगेत उभं राहावं लागायचं, तिथं बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटांत नंबर लागतोय. आणि संध्याकाळी सहाला, अजून उजेड असतानाच, दुकान आवरायला सुरुवात. त्याच आठवड्याच्या शनिवारी मात्र आरक्षणाचा कोटा भरून गेलेला असू शकतो.

यावर पटकन सुचणारं उत्तर म्हणजे भीती. लोक घाबरले होते, म्हणून आले नाहीत. बरोबरच आहे ते, पण अर्धंच. कारण विषाणू काही वार बघून येत नव्हता. शनिवारी जेवढी भीती, तेवढीच मंगळवारी. उलट रिकाम्या मंगळवारी धोका कमीच. मग घाबरलेल्या माणसानं मंगळवारच निवडायला हवा होता ना? तसं झालं नाही. एकूण गर्दी का घटली हे भीतीनं समजतं, पण ती आडदिवशी जास्त का घटली हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी मागं जावं लागेल, साधारण सव्वाशे वर्षं. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे : कामाच्या दिवसाची संध्याकाळ हा करमणुकीचा नैसर्गिक वेळ कधीच नव्हता. तो बनवला गेला. ट्राम कंपन्यांनी, विजेच्या दिव्यांनी, आतषबाजीनं, वार्षिक पासांनी, विमानानं येणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी. एकावर एक थर चढवत कुणीतरी मंगळवारची संध्याकाळ उभी केली होती. महामारीनं हे थर एकेक करून काढले आणि खाली जुनं कॅलेंडर उघडं पडलं.

तर सुरुवात ट्रामपासून.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या शहरांत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम आल्या. या कंपन्यांची एक अडचण होती. सकाळ-संध्याकाळ कामावर जाणाऱ्या-येणाऱ्यांची झुंबड, पण रात्री आणि रविवारी गाड्या रिकाम्या. रूळ टाकलेले, गाड्या विकत घेतलेल्या, वीज तर घेतलेलीच. खर्च थांबत नाही, उतारू मात्र नाहीत. मग त्यांनी काय केलं, तर मार्गाच्या शेवटच्या टोकाला, शहराबाहेर, एक बाग उभी केली. तळं, बँडस्टँड, नाचायचा हॉल, मेरी-गो-राउंड. लोक बागेत यायचे म्हणजे ट्रामनं यायचे, आणि परत जायचे तेही ट्रामनंच. दोन्हीकडचं भाडं कंपनीला. याला तिकडं ट्रॉली पार्क म्हणतात. पिट्सबर्गजवळचं केनीवूड हे त्यातलं एक. १८९८ मध्ये ट्राम कंपनीनं सुरू केलं आणि आजही चालू आहे. फिलाडेल्फियाजवळ विलो ग्रोव्ह पार्क होतं, १८९६ चं, तेही ट्राम कंपनीचंच. तिथं जॉन फिलिप सूझाचा बँड वर्षानुवर्षं उन्हाळ्यात वाजवायला यायचा.

म्हणजे बघा, अमेरिकेतल्या या बागांचा जन्मच मुळी रिकामा वेळ भरण्यासाठी झाला. आणि तो रिकामा वेळ आधी कंपनीचा होता, लोकांचा नंतर.

लोकांकडे फावला वेळ होता कितीसा? गिरणीतला कामगार आठवड्याचे सहा दिवस राबायचा, दिवसाला दहा-दहा तास. त्याला रविवार मिळायचा, आणि नशीब असेल तर शनिवारची दुपार. पण तरुण कारकून, दुकानांतल्या मुली, टंकलेखनिक असा एक नवा वर्ग शहरात तयार झाला होता. त्यांच्याकडे संध्याकाळ होती आणि खिशात थोडी नाणी होती. या वर्गाला अंधार पडल्यावर बाहेर काढायचं तर काय लागेल? उजेड.

इथं येतं न्यूयॉर्कचं कोनी आयलंड. १९०३ मध्ये तिथं लूना पार्क उघडलं आणि त्याच्या मनोऱ्यांवर, कमानींवर अडीच लाख विजेचे दिवे लावले होते. पुढच्याच वर्षी समोर ड्रीमलँड उभं राहिलं, त्यांनी दहा लाख दिव्यांची जाहिरात केली. आज आपल्याला गणपतीच्या मांडवाची रोषणाई बघून काही वाटत नाही, पण ज्या काळात बहुतेक घरांत वीज नव्हती त्या काळात हे दृश्य काय असेल कल्पना करा. एडिसनच्या कंपनीनं १९०५ मध्ये ‘कोनी आयलंड ॲट नाइट’ नावाची छोटी फिल्म काढली, तिच्यात जवळजवळ फक्त दिवेच दिसतात. आत जाऊन काय करायचं हा भाग दुय्यम होता, रात्र हीच बघण्याची गोष्ट झाली होती.

थोडं थांबून आपल्याकडे बघू. आपल्या जत्रेलाही रात्र असते. पाळणे, तमाशाचा फड, पेट्रोमॅक्सच्या उजेडातली खेळण्यांची दुकानं. पण जत्रा ठरलेल्या तिथीला येते आणि दोन-चार दिवसांत उठते. जत्रेला वर्षातले उरलेले साडेतीनशे दिवस भरायचे नसतात, ते ओझं कायमच्या बागेवर असतं. जमिनीत पाया घालून लोखंडी राइड उभी केली, की ती सोमवारी उचलून पुढच्या गावाला नेता येत नाही. पार्काच्या धंद्यातली खरी डोकेदुखी रविवारची नसतेच, ती आडदिवसांची असते.

आता साथीच्या इतिहासातलं एक प्रकरण, जे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाची भयंकर लाट न्यूयॉर्कमध्ये आली सप्टेंबर-ऑक्टोबरात. तोवर कोनी आयलंडचा उन्हाळी हंगाम उरकला होता, त्यामुळे बागांपुढं तो प्रश्न तितकासा उभा राहिला नाही. पण नाट्यगृहं होती, सिनेमाघरं होती. इतर अनेक शहरांनी ती सरळ बंद केली. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांनी बंद केली नाहीत. त्यांनी वेळापत्रक बदललं. कचेऱ्या, दुकानं, नाट्यगृहं यांच्या उघडण्याच्या-सुटण्याच्या वेळा एकमेकींपासून सरकवल्या, म्हणजे सगळे एकदम भुयारी रेल्वेत घुसणार नाहीत. गर्दी टाळण्याऐवजी ती दिवसभरात पसरायची, हा त्यांचा विचार. त्यावर तेव्हाही वाद झाला, आजही होतो. माझ्या दृष्टीनं त्यातली कामाची गोष्ट एवढीच : साथीत माणसं कुठं जमतात याइतकंच कधी जमतात हेही महत्त्वाचं, हे शंभर वर्षांपूर्वी एका शहराला कळलं होतं. हा धागा लक्षात ठेवा, २०२० मध्ये लागणार आहे.

मधली काही दशकं मी झपाट्यानं ओलांडतो. मोटारी आल्या, ट्राम गेल्या, बहुतेक ट्रॉली पार्कं बुडाली. मंदी आली, युद्ध आलं. १९३८ च्या कामगार कायद्यानं अमेरिकेत आठवड्याचे तास आखून दिले आणि १९४० पासून चाळीस तासांचा आठवडा ठरला. म्हणजे शनिवार-रविवार ही जोडी पक्की झाली. लोकांना दोन दिवस सलग मिळाले, आणि त्याबरोबर करमणूकही त्या दोन दिवसांत जाऊन साचली.

१७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडलं. जगातलं सगळ्यात गाजलेलं थीम पार्क, पण कित्येकांना माहीत नसतं, की ते सुट्टीचा हंगाम सोडला तर आठवड्यातून एक दिवस, पुढे तर सोमवार-मंगळवार असे दोन दिवस, चक्क बंद असायचं. आपल्याकडे सलूनवाले सोमवारी बंद ठेवतात ना, तसं. बाराही महिने सातही दिवस उघडं ठेवायला सुरुवात झाली १९८५ मध्ये. म्हणजे तब्बल तीस वर्षं डिस्नेलासुद्धा मंगळवार परवडत नव्हता!

या तीस वर्षांत त्यांनी संध्याकाळ कशी बांधली ते बघण्यासारखं आहे. १९५७ च्या उन्हाळ्यात ‘डेट नाइट’ सुरू केलं. तरुण जोडप्यांनी यावं, बँडवर नाचावं. त्याच सुमारास रात्रीची आतषबाजी सुरू झाली. तिचा उद्देश उघड होता. दुपारी पोरं दमली, की आईबाप निघतात. त्यांना रात्रीच्या जेवणापर्यंत थांबवायचं असेल तर शेवटी काहीतरी दाखवायचं कबूल करावं लागतं. १९६१ पासून शाळा संपवणाऱ्या मुलांसाठी रात्रभराचा खास कार्यक्रम, ग्रॅड नाइट. १९७२ मध्ये हजारो छोट्या दिव्यांची मिरवणूक, मेन स्ट्रीट इलेक्ट्रिकल परेड. लूना पार्कची जुनी युक्तीच ही. उजेड दाखवा, माणूस अंधारात थांबेल.

माणूस थांबला की जेवतो, हे गणित त्यामागं आहे. राइड दहा माणसांसाठी फिरवा नाहीतर हजार माणसांसाठी, वीज आणि ऑपरेटरचा पगार जवळपास सारखाच. त्यामुळे संध्याकाळी थांबलेल्या प्रत्येक माणसाचं जेवण, आइसक्रीम, पोरांच्या हट्टाखातर घेतलेले मिकीचे कान, हे बरंचसं वरकड उत्पन्न.

मग आले वार्षिक पास. एकदा पैसे भरा, वर्षभर या. पास असलेला स्थानिक माणूस ऑफिस सुटल्यावर दोन तासांसाठी येऊ शकतो, कारण त्याला आत शिरायला नवे पैसे पडत नाहीत. एक राइड, एक जेवण, आतषबाजी, घर. दिवसाच्या तिकिटाला शंभर डॉलर मोजणारा हे कधीच करणार नाही. आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी पार्कात जी जाग असते, तिच्यातला मोठा हिस्सा या पासवाल्यांचा. पार्कवाले त्यांच्यावर कुरकुरतात, कारण ते खर्च कमी करतात. पण मंगळवारी तेच तर येतात.

आता ऑरलँडोकडे वळू, कारण ऑरलँडोची गोष्ट याच्याही पुढची आहे. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१ च्या ऑक्टोबरात उघडलं आणि हळूहळू तिथं अशी व्यवस्था तयार झाली, की आठवड्याचा वारच उलटा झाला. लोक दुरून यायचे, आठवडाभर राहायचे. शनिवारी-रविवारी विमानतळावर उतरायचे आणि सोमवारी सकाळी मॅजिक किंगडमवर तुटून पडायचे. त्यामुळे तिथं सोमवार हा बऱ्याचदा सगळ्यात गर्दीचा दिवस असायचा, आणि जाणकार मंडळी सल्ला द्यायची, की शनिवार-रविवारी जा, तुलनेनं निवांत असतं. ब्रिटिश कुटुंबं पंधरा-पंधरा दिवसांसाठी यायची. ब्राझीलमधून पोरापोरींचे जथे जुलै आणि जानेवारीत एकसारखे शर्ट घालून यायचे. ऑरलँडोचं अवाढव्य कन्व्हेन्शन सेंटर वर्षभर कुठल्या ना कुठल्या अधिवेशनानं भरलेलं असायचं आणि मोठ्या कंपन्या तर एखाद्या संध्याकाळी पार्काचा भागच पार्टीसाठी भाड्यानं घ्यायच्या. या लोकांना मंगळवार आणि शनिवार सारखेच. त्यांचं कॅलेंडर घरी राहिलेलं असायचं.

त्याशिवाय वेगळ्या तिकिटाच्या रात्री. युनिव्हर्सलचं हॅलोविन हॉरर नाइट्स १९९१ पासून, डिस्नेची हॅलोविन पार्टी १९९० च्या दशकाच्या मध्यापासून. शरद ऋतूतल्या, शाळा सुरू असलेल्या, एरवी मेलेल्या आठवड्यांत रात्रीचं पार्क दुसऱ्यांदा विकायची ही युक्ती. एकच जागा, एका दिवसात दोन तिकिटं.

२०१९ मध्ये मॅजिक किंगडमला अंदाजे दोन कोटी नऊ लाख लोक आले. २०२० मध्ये एकोणसत्तर लाख. हे अंदाज करमणूक उद्योगाच्या वार्षिक अहवालातले. डिस्ने स्वतः दिवसागणिक आकडे कधी जाहीर करत नाही, त्यामुळे वारांचा हिशोब लोक राइडबाहेरच्या प्रतीक्षेच्या पाट्यांवरून आणि आरक्षणाच्या कॅलेंडरवरून लावतात. त्या पाट्या २०२० च्या उन्हाळ्यापासून एक गोष्ट स्पष्ट सांगत होत्या : ऑरलँडोचा वार पुन्हा सुलटा झाला होता. शनिवार-रविवार भरलेले, मधले दिवस रिकामे.

का, ते आता थर उलगडत बघूया.

पहिला थर परदेशी पाहुण्यांचा. मार्च २०२० मध्ये अमेरिकेनं युरोपमधून आणि मग ब्रिटनमधून येणाऱ्यांना बंदी घातली, मे अखेरीला ब्राझीलला. लसीकरण झालेल्यांसाठी ही दारं उघडली ८ नोव्हेंबर २०२१ ला. म्हणजे जवळजवळ वीस महिने मंगळवारला शनिवार समजणारा मोठा गट हजरच नव्हता. त्याच्या जोडीला अधिवेशनं बंद. गंमत म्हणजे, म्हणजे गंमत कसली, पण करमणूक पार्कांच्या जागतिक संघटनेचं स्वतःचं मोठं प्रदर्शन दर नोव्हेंबरात याच ऑरलँडोच्या सेंटरमध्ये भरतं, आणि २०२० मध्ये तेही रद्द झालं.

मग उरलं कोण? गाडी चालवत येऊ शकणारा फ्लोरिडाचा माणूस आणि शेजारच्या राज्यांतले काही. त्याला नोकरी आहे, पोरांची शाळा आहे. आता कुणी म्हणेल, शाळा तर घरून चालू होती, मग आडदिवशी जायला काय हरकत? पण ज्यांनी त्या दिवसांत घरात ऑनलाइन शाळा सांभाळलीय त्यांना विचारा. पोराला हजेरी द्यायची, आईबापांनी आपली मीटिंग सांभाळत त्याच्या शेजारी बसायचं. घरून काम म्हणजे मोकळीक हा समज पहिल्या महिन्यातच गळून पडला होता. जगभर विमानं सोडणारं पार्क एका झटक्यात जिल्ह्याचं पार्क झालं, आणि जिल्ह्याच्या पार्काला जिल्ह्याचंच कॅलेंडर लागू.

दुसरा थर, आणि मला वाटतं सगळ्यात मोठा, तो आरक्षणाचा. पार्क उघडलं तेव्हा क्षमता साधारण एक चतुर्थांशावर ठेवली होती, नोव्हेंबरात ती ३५ टक्क्यांवर नेल्याचं सांगितलं गेलं. मर्यादा पाळायची तर आधी नाव नोंदवणं सक्तीचं. नुसतं तिकीट किंवा पास असून उपयोग नाही, त्या दिवसाची, त्या पार्काची नोंदणी हवी. हॉटेलात राहणाऱ्यांचा कोटा वेगळा, तिकीटवाल्यांचा वेगळा, पासवाल्यांचा वेगळा. एका दिवसात एका पार्कातून दुसऱ्यात जाण्याची सोय बंद, ती १ जानेवारी २०२१ ला परत आली तीही दुपारी दोननंतर. नवे वार्षिक पास विकणं थांबवलं. कॅलिफोर्नियात तर जानेवारी २०२१ मध्ये जुनी वार्षिक पास योजनाच गुंडाळली.

आता आठवा तो ऑफिस सुटल्यावर येणारा पासवाला. त्याचा सगळा व्यवहारच आयत्या वेळचा. साडेचारला मनात आलं, साडेपाचला गाडी काढली, एपकॉटमध्ये जेवलो, परत. दोन आठवडे आधी तारीख धरून ठेवायची असेल तर तो माणूस मंगळवार कशाला धरेल? तो शनिवारच धरणार. १९१८ मध्ये कोपलँडनी गर्दी दिवसभरात पसरवायला वेळापत्रक वापरलं होतं. इथं आरक्षणानं दिवसाची कमाल मर्यादा सांभाळली, पण गर्दी आठवड्यात पसरवण्याऐवजी शनिवारकडेच ढकलली. माझ्या मते हा या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा दोष, आणि त्याबद्दल फारसं बोललं गेलं नाही. साथीच्या दृष्टीनं तुम्हाला हवं होतं मोकळ्या मंगळवारी चार लोक जास्त येणं, आणि तुम्ही बरोबर तीच सवय मोडलीत.

तिसरा थर उजेडाचा. आतषबाजी नाही, मिरवणूक नाही, कारण दोन्हींसाठी लोक खांद्याला खांदा लावून उभे राहतात. हॅलोविनच्या रात्री, डिस्नेच्याही आणि युनिव्हर्सलच्याही, २०२० पुरत्या रद्द. आणि मग ८ सप्टेंबरपासून डिस्ने वर्ल्डच्या चारही पार्कांच्या वेळा कमी केल्या : मॅजिक किंगडम सहाला बंद, ॲनिमल किंगडम पाचला, उरलेली दोन सातला. इथं कारण आणि परिणाम एकमेकांच्या शेपट्या धरून फिरू लागतात. संध्याकाळी लोक नाहीत म्हणून लवकर बंद करायचं. लवकर बंद होतं म्हणून कामावरून सुटलेला माणूस येऊच शकत नाही. फ्लोरिडाच्या उकाड्यात, तोंडाला मास्क बांधून, दुपारी फिरायचं आणि जरा गार वारा सुटला की बाहेर पडायचं. आकडेवारीत याची नोंद ‘मागणी कमी’ अशी होते.

जपानचं उदाहरण इथं फार बोलकं आहे. टोकियो डिस्नीलँड शहराच्या इतकं जवळ आहे, की टोकियो स्टेशनवरून लोकलनं पंधरा-सोळा मिनिटांत माइहामा स्टेशन येतं. त्यामुळे तिथं महामारीच्या आधी एक खास तिकीट मिळायचं, ‘आफ्टर सिक्स पासपोर्ट’. फक्त कामाच्या दिवशी, संध्याकाळी सहानंतर प्रवेश, कमी दर. नावातच सगळं आलं. ऑफिस सुटलं, सहकारी मिळून गेले, दोन-तीन राइड्स, परेड, शेवटच्या गाडीच्या आधी घर. २९ फेब्रुवारी २०२० पासून बंद असलेलं हे पार्क १ जुलैला उघडलं तेव्हा फक्त तारीख ठरलेली तिकिटं होती, सकाळी उघडताना, अकराला किंवा दोनला प्रवेशाची, आणि आठला गेट बंद. सहाचं तिकीट यादीत नव्हतंच. आणि असतं तरी? ते तिकीट घरातून निघणाऱ्यासाठी नव्हतंच मुळी, ऑफिसातून निघणाऱ्यासाठी होतं. माणूस जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मिटतो तेव्हा तो घरीच असतो. तिथून कपडे बदलून, गाडी पकडून माइहामाला जाणं हा वेगळाच खटाटोप. कोपलँडच्या काळापासून संध्याकाळची करमणूक घरी परतण्याच्या वाटेवर वसलेली होती, ती वाटच नाहीशी झाली. एप्रिल २०२० ते मार्च २०२१ या वर्षात टोकियोच्या दोन्ही पार्कांत मिळून सुमारे ७५ लाख लोक आले, आदल्या वर्षी दोन कोटी नव्वद लाख होते.

हाँगकाँगनं तर सरळ जुना उपाय काढला. तिथलं डिस्नीलँड २०२० च्या सप्टेंबरात दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा मंगळवार आणि गुरुवार साप्ताहिक सुट्टी. १९५० च्या दशकातल्या कॅलिफोर्नियासारखीच.

आपल्याकडच्या श्रोत्यांना एक प्रश्न पडेल, की मुंबईत असं का बोललं गेलं नाही. साधं आहे. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ पासून मुंबईकरांनी पाहिलं ते बहुधा शाळेच्या सहलीत किंवा सुट्टीत, बोटीनं खाडी ओलांडून. तिथं ऑफिस सुटल्यावर जायची रीत कधी पडलीच नाही, त्यामुळे ती मोडण्याचा प्रश्न आला नाही.

आता या सगळ्यात माणसं कुठं आहेत? संध्याकाळ ही नुसती गिऱ्हाइकाची नसते, ती पाळीही असते. आतषबाजी लावणारे, परेडमध्ये नाचणारे, हॅलोविनच्या भुतांचे मुखवटे घालणारे, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या हॉटेलांतले वाढपी. पार्क सहाला बंद झालं म्हणजे या लोकांची पाळीच पुसली गेली. २९ सप्टेंबर २०२० ला डिस्नेनं अमेरिकेतल्या आपल्या पार्क विभागातून सुमारे २८,००० लोकांना काढत असल्याचं जाहीर केलं. त्यातले दोन तृतीयांश अर्धवेळ काम करणारे होते. डिस्ने वर्ल्डला लागून असलेल्या ओसिओला काउंटीत, जिथं पार्कांत आणि हॉटेलांत राबणारी असंख्य कुटुंबं राहतात, मे २०२० मध्ये बेकारी ३० टक्क्यांच्या आसपास गेली होती. तिथली बरीच कुटुंबं आठवड्याच्या भाड्यानं मोटेलच्या खोलीत राहतात. त्यांच्यासाठी मंगळवारची रात्र म्हणजे त्या आठवड्याचं भाडं.

काही जण तेव्हा म्हणत होते, की रिकामं पार्क किती छान, रांगा नाहीत, धक्काबुक्की नाही, असंच राहावं. समजू शकतो. मलाही रांग आवडत नाही. पण रिकाम्या रांगेची किंमत कुठल्या मोटेलच्या खोलीत मोजली जात होती, ते या बोलण्यात येत नव्हतं.

संध्याकाळ परत आली तीही थराथरानंच, आणि जवळजवळ जुन्याच क्रमानं. आधी उजेड : १ जुलै २०२१ ला डिस्ने वर्ल्डमध्ये रात्रीची आतषबाजी पुन्हा सुरू झाली आणि वेळा वाढल्या. ऑगस्टमध्ये हॅलोविनची वेगळ्या तिकिटाची रात्र, जुन्या पार्टीऐवजी छोट्या स्वरूपात. सप्टेंबरच्या सुरुवातीला युनिव्हर्सलचं हॉरर नाइट्स परतलं आणि त्याच महिन्यात डिस्ने वर्ल्डनं नवे वार्षिक पास विकायला काढले, वेगळ्या नावांनी. नोव्हेंबरात विमानं. पण आरक्षणाची सक्ती मात्र रेंगाळली. साध्या, तारखेच्या तिकिटांवरून ती उठली थेट जानेवारी २०२४ मध्ये, आणि पासवाल्यांवर त्यानंतरही काही दिवशी राहिली. साथ ओसरून गेल्यावरही कंपनीला तिचा उपयोग दिसत होता : कोण कधी येणार हे आधी कळतं, त्यावरून माणसं किती बोलवायची ते ठरवता येतं. ट्राम कंपनीला रिकामी गाडी भरायची होती. नव्या व्यवस्थेला गाडी रिकामी जाणार हे आधीच कळतं, मग ती सोडायचीच नाही.

पुढच्या भागात याच काळातल्या सिनेमाघरांकडे वळू. तोपर्यंत, तुमच्यापैकी कुणी त्या दोन वर्षांत ऑरलँडोत, टोकियोत किंवा आणखी कुठल्या पार्कात काम केलं असेल, तर तुमच्या पाळ्यांचं काय झालं ते नक्की कळवा. भेटूच.